बेवारस ठेवी

बँकेतल्या सदतीस वर्षांच्या नोकरीत सर्वांत उदास करणारं काम कोणतं, असं मला कुणी विचारलं, तर मी कर्जवसुलीचं नाव घेणार नाही. वसुलीला गेलं की समोरचा माणूस निदान भांडतो तरी. ज्या खात्यांकडे दहा वर्षांत कुणी फिरकलंच नाही, अशा खात्यांची यादी दरवर्षी करावी लागे, ते काम मला नकोसं वाटे. कुणाचे चारशे बावीस रुपये, कुणाचे अकरा हजार. खातेदार बहुधा गेलेला असायचा. मुलंबाळं असायची, पण बापानं इथं काही ठेवलं आहे याची त्यांना गंधवार्ता नसायची. २०१४ पासून अशा ठेवी रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होऊ लागल्या आणि २०२३ साली ‘उद्गम’ नावाचं संकेतस्थळ निघालं, त्यावर नाव घालून त्या शोधता येतात. वारसानं कागदपत्रं दाखवली की पैसे मिळतात. सोय चांगली आहे. पण वारसानं आधी विचारलं पाहिजे, ही अट आहेच.

ही यादी मला निवृत्तीनंतर सहा वर्षांनी आठवली, ती बँकेत नव्हे, शाळेच्या बाकावर.

माण तालुक्यातल्या आमच्या शाळेची १९७५ ची तुकडी. महाराष्ट्रात त्या साली जुन्या अकरावीचे आणि नव्या दहावीचे विद्यार्थी एकाच वर्षी शालान्त परीक्षेला बसले. आम्ही दहावीवाले. अकरावीची मोठी मुलं आमच्याकडे ‘एक वर्ष फुकट वाचलेले’ म्हणून बघायची. त्या परीक्षेला पन्नास वर्षं झाली म्हणून २०२५ च्या नोव्हेंबरात आम्ही जमलो.

असे मेळावे आता गावोगाव होतात. मोबाइलवर गट तयार होतो, वर्गणी ठरते, फेटे येतात, हयात असलेल्या एखाद्या गुरुजींना शाल-श्रीफळ दिलं जातं आणि मग ध्वनिक्षेपकावरून प्रत्येकाची ओळख सुरू होते. आमच्याकडेही तेच झालं. मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात, डाळिंबाची बाग इतकी एकर, गुडघा डावा बदलला, उजवा बाकी आहे. एकानं हृदयात घातलेल्या स्टेंट मोजून सांगितल्या, तेव्हा दुसऱ्यानं आपली एक जास्त असल्याचं जाहीर केलं. हसलो. पण तासाभरात मला वाटू लागलं की आपण एकमेकांना आयुष्य नव्हे, ताळेबंद वाचून दाखवतो आहोत. जमेची बाजू मोठ्यानं, खर्चाची घाईघाईनं.

मग आताच्या मुख्याध्यापकांनी कपाटातून आमची जुनी हजेरी आणली आणि आमच्यातल्या एकानं हौसेनं ती घ्यायला सुरुवात केली. पटावर ५८ नावं होती. पहिली दहा-बारा नावं हसण्यात गेली. ‘हजर’, ‘हजर बाई’, ‘हजर गुरुजी’. पुढे हसणं कमी होत गेलं. आपल्याकडे मुलाच्या नावातच बापाचं नाव असतं. त्यामुळे हजेरी आमची चालली होती, पण प्रत्येक नावाबरोबर एका बापाचंही नाव मोठ्यानं घेतलं जात होतं. ती नावं त्या खोलीत किती वर्षांनी उच्चारली गेली असतील? आणि त्यांपैकी जवळजवळ कुणीच आता हजर नव्हतं. अकरा वेळा तर मुलाच्या नावालाही उत्तर आलं नाही.

हजेरी संपल्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “आणि आया?” खरंच की. आमच्या हजेरीत आयांना जागाच नव्हती. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदोपत्री नावात आईचं नाव घालणं राज्यात सक्तीचं झालं, पण आम्ही त्याच्या फार आधीचे. मग एकेकानं उठून आईचं नाव सांगितलं. त्यात एक गंमत झाली आणि ती गंमत नव्हती. ज्या घरी मी निम्मं लहानपण जेवलो, त्या माऊलीचं नाव मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आम्ही तिला सगळे ‘वहिनी’च म्हणायचो.

तिथून मेळाव्याची वाट बदलली. कार्यक्रमपत्रिकेत नसलेला तासभर आम्ही आईवडिलांविषयी बोललो. आपापल्या नव्हे, एकमेकांच्या.

सगळंच गोड नव्हतं, हे सांगितलं पाहिजे. आमच्यातला एकजण आधीच म्हणाला, “माझ्या बापाचं कुणी चांगलं सांगू नका. तो प्यायचा आणि मारायचा. मेलाय म्हणून तो चांगला होत नाही.” कुणीही त्याची समजूत घातली नाही, याचा मला आजही आनंद वाटतो. फक्त त्याच्या शेजारचा म्हणाला, “मार खाऊन तू आमच्याकडं यायचास. आई काही विचारायची नाही, ताट वाढायची. तू गेल्यावर मात्र रडायची.” तो बराच वेळ खाली बघत बसला. मग म्हणाला, “रडायची हे मला माहीत नव्हतं.”

चहाच्या वेळी एक वर्गभगिनी माझ्याजवळ आली. शाळेत मुलामुलींनी बोलायची रीत नव्हती, त्यामुळे सहासष्टाव्या वर्षी एकमेकांना ‘अरे-अगं’ म्हणावं की ‘अहो’, हे आम्हां दोघांनाही कळत नव्हतं. आम्ही ‘अहो’वरच राहिलो. ती म्हणाली, “तुमच्या अण्णांचं एक सांगायचं राहिलंय.”

माझे वडील पोस्टमन होते. खाकी कपडे, सायकल, कॅनव्हासची पिशवी. आमच्या भागात घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत नाहीतर बाजारात ओझी वाहायला असायचा आणि घर चालायचं ते मनीऑर्डरीवर. अण्णा वाड्यावस्त्यांवर पैसे पोचवायचे आणि जिथं कुणाला वाचता येत नसे तिथं पत्रही वाचून दाखवायचे. माणूस अत्यंत शिस्तीचा. सरकारी शाईचा थेंबही घरी वापरायचे नाहीत. १९९१ साली माझी पहिली कादंबरी आली, तेव्हा मी ती त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती चाळली, वर्तमानपत्राच्या कागदात बांधली आणि ट्रंकेत ठेवली. एवढंच म्हणाले, “नोकरी सांभाळून खोटं लिहायचं ते लिही.” १९९८ मध्ये ते गेले. माझं पुस्तक त्यांनी कधी वाचलं की नाही, मला माहीत नाही. ते ‘खोटं’ मात्र माझ्या मनात सत्तावीस वर्षं सलत होतं.

ती सांगू लागली. “माझे वडील मशीद बंदरला माथाडी. आईला अन् आजीला अक्षर ओळखीचं नव्हतं. अण्णा ओसरीवर बसून पत्र वाचायचे. शेवटी म्हणायचे, ‘आणि लिहिलंय, थोरलीची शाळा सोडवू नका.’ थोरली म्हणजे मी. दर पत्राला हेच. बहात्तरच्या दुष्काळात आईबरोबर मलाही खडी फोडायला न्यायचं आजीनं ठरवलं होतं. पण लेकाचं पत्र म्हटल्यावर ती गप्प बसली. एकदा घरात कुणी नव्हतं, तेव्हा तारेला ओवलेली सगळी पत्रं मी काढून वाचली. पैसे पाठवले, तब्येत बरी आहे, कळावे. एकाही पत्रात ते वाक्य नव्हतं.”

मी काहीच बोललो नाही.

“मी कुणाला सांगितलं नाही,” ती म्हणाली. “पण सिद्धनाथाच्या यात्रेला वडील घरी आले, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. जेवताना आजी म्हणालीच, ‘तू सारखं लिहितोस म्हणून ठेवलीय हिला शाळेत.’ माझा घास हातातच राहिला. वडिलांनी आजीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. अन् म्हणाले, ‘मग? लिहिणारच की.’”

त्यानंतर ती दहावी झाली, शिक्षिका झाली, जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर शिकवून निवृत्त झाली. आणि ते वाक्य लिहिणारा कुणीच नव्हता. एकानं ते नसलेल्या ठिकाणाहून वाचलं, दुसऱ्यानं न लिहिता त्याखाली सही केली.

मी बँकेतला माणूस. आकड्यातली खाडाखोड पाहिली की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. दुसऱ्याच्या पत्रात आपल्या पदरचं वाक्य घालणं कुठल्याच नियमात बसत नाही, हे अण्णांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. म्हणूनच त्यांनी ते कधी घरात सांगितलं नसेल. मला खोटं लिहिणारा म्हणणाऱ्या माणसाला खोट्या वाक्याचं वजन नेमकं माहीत होतं. त्यांनी मला नावं ठेवली होती की सावध केलं होतं, हे आता विचारता येत नाही. पण सत्तावीस वर्षं मी ते एकाच अर्थानं वाचत होतो, हे मात्र मला कळलं.

सांगायचा मुद्दा माझ्या अण्णांपुरता नाही. आपण आईवडिलांना ओळखतो म्हणजे काय? आपण त्यांना घरातून ओळखतो. भावंडांनी पाहिलेले आईवडील थोड्याफार फरकानं आपलेच. आपल्या मुलांनी पाहिले ते आजी-आजोबा, औषधाच्या डब्या आणि जपमाळ घेऊन बसलेले. पस्तीस-चाळिशीतले, उंबऱ्याबाहेरचे, दुसऱ्याच्या ओसरीवरचे आईवडील ज्यांनी लहान डोळ्यांनी पाहिले आणि जे अजून आपल्याला भेटू शकतात, असे लोक राहिले ते फक्त आपले वर्गसोबती. त्या पिढीचे बाकी साक्षीदार गेले.

बँकेत आपण ज्याचं नाव नॉमिनी म्हणून लावतो, तो त्या पैशाचा मालक होत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. तो विश्वस्त असतो. वारसांची रक्कम त्यानं वारसांकडे पोचवायची असते. आपल्याजवळ दुसऱ्याच्या आईबापाची जी आठवण आहे, तिचे आपण असेच विश्वस्त आहोत. ती किरकोळ वाटते म्हणून सांगायची राहते. चारशे बावीस रुपयांसारखी. पण ती किरकोळ आहे की नाही, हे आपण ठरवायचं नाही. ‘ती रडायची’ एवढ्या दोन शब्दांनी त्या दिवशी एका म्हाताऱ्या माणसाचं काय झालं, ते आम्ही पाहिलं.

यातही तारतम्य हवंच. ज्यानं विचारू नका म्हटलं, त्याला सांगू नये. चारचौघांत सांगायचं आणि चहाच्या वेळी बाजूला घेऊन सांगायचं, यातला फरक कळला पाहिजे. गेलेल्या माणसाला उगाच देव करू नये. पण संकोचापोटी जे राहून जातं, ते शेवटी कुणाच्याच उपयोगी पडत नाही. आमच्या पटावरच्या त्या अकरा जणांजवळ आमच्या आईवडिलांचं काय काय होतं, कोण जाणे! त्यांच्याबरोबर ते गेलं. असल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचा निधी नाही आणि नाव घालून शोधायला संकेतस्थळही नाही.

यंदा कुठं ना कुठं तुमच्याही शाळेचा मेळावा ठरत असेल. फेटे जरूर बांधा, फोटोही काढा. पण अर्धा तास मोकळा ठेवा. जुनी हजेरी मिळाली तर उत्तमच, नाहीतर आठवेल तशी नावं घ्या, बापाच्या नावासकट, आणि मग आयांची. घरी आलात की जे ऐकलं ते वहीत तारीख घालून लिहा, जुन्या फोटोंच्या मागं पेन्सिलीनं नावं टाका, कारण नातवंडांना ते चेहरे ओळखता येणार नाहीत. आणि कुणी सांगेल म्हणून वाट बघत बसू नका. जेवताना शेजारी बसलेल्याला आपणच विचारा, “माझ्या आईचं तुला काही आठवतं का?”

निघताना त्या बाईंनी मला विचारलं, “माझ्या वडिलांचं तुम्हाला काही आठवतं का?” मी खूप ताण दिला. आठवलं ते एवढंच, की यात्रेला आले की ते अण्णांना भेटायला आमच्या घरी यायचे, मुंबईचा हलवा आणायचे, आणि दोघंही फारसं न बोलता बराच वेळ ओट्यावर बसून राहायचे. मला तेव्हा वाटायचं, यांना बोलायला काही विषय नाही.

तिला ते माहीत नव्हतं. तिनं ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं.