शंभर वर्षांचं पाणी दाखवा!

मी राहतो फिनिक्सजवळच्या चँडलरला. गाडीने टूसॉनकडे निघालं की वाटेत कासा ग्रँड लागतं. तिथे ल्युसिड कंपनीचा इलेक्ट्रिक गाड्यांचा कारखाना आहे आणि आजूबाजूला कापूस, लसूणघास. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा थेट नाशिक आठवलं. बाबा अंबड एमआयडीसीत नोकरीला, काका निफाड तालुक्यात, गंगापूरच्या कालव्यावर द्राक्षबाग.

ऑगस्ट २०२१ मध्ये इथल्या केंद्र सरकारने कोलोरॅडो नदीवर पहिल्यांदाच टंचाई जाहीर केली. पुढच्याच महिन्यात त्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या! २०२२ मध्ये ॲरिझोनाच्या वाट्याचं सुमारे १८ टक्के पाणी कापलं गेलं. झळ बसली ती मुख्यतः कासा ग्रँडच्या भागातल्या शेतकऱ्यांना, कारण कालव्याच्या पाण्यात त्यांचा नंबर शेवटचा, हे आधीच ठरलेलं होतं. कुणी शेतं पडीक टाकली, कुणी बोअरचा उपसा वाढवला.

तेव्हा इथलं सगळं छान, असं मुळीच नाही. पण एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. १९८० च्या भूजल कायद्यामुळे फिनिक्स परिसरात घरांची नवी वसाहत करायची तर शंभर वर्षं पुरेल इतकं पाणी दाखवावं लागतं. (कारखान्यांना हा नियम नाही, ही पळवाट आहेच.) जून २०२३ मध्ये राज्याने हिशेब मांडला आणि नुसत्या भूजलावर उभ्या राहणाऱ्या नव्या वसाहतींची मंजुरी थांबवली.

आपल्याकडे २००३ च्या जलनीतीत पिण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. २०११ मध्ये शेती वर आली. कागदावर! गंगापूर धरण मात्र तेच आहे. शहर, कारखाने, शेती सगळे त्याच्यावर, आणि तुटीच्या वर्षी खाली जायकवाडीलाही सोडावं लागतं.

मीही गंगापूर रोडला फ्लॅट बुक केलाय. कार्पेट एरिया, पार्किंग, सगळं विचारलं. काका फोनवर म्हणाले, "अरे, पाणी कुठून येणार ते विचारलंस का? एप्रिलच्या छाटणीनंतर आमचं आवर्तन लांबतं, ते कुणासाठी?" खरं सांगतो, नव्हतं विचारलं.

महापालिकेने बांधकाम परवानगी देतानाच हा हिशेब मागावा. शंभर नको, तीस वर्षांचा तरी. आणि इथून पैसे पाठवणाऱ्या आपणही मागावा. मी बिल्डरला मेल टाकली. उत्तरात जिमचे फोटो आले.