गाडी न्हाई व्हय घरी?

"पोरी, गाडी न्हाई व्हय घरी?"

पाबे घाट उतरून वेल्ह्याच्या अलीकडे आम्ही एका टपरीवर थांबलो होतो. मिड-सेम नुकत्याच संपलेल्या, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, डोंगरावर सगळीकडे पिवळी सोनकी. डोक्यावर हेल्मेट, अंगात घामाने चिकटलेला टी-शर्ट आणि हातात पंक्चर झालेली सायकल असं माझं ध्यान बघून टपरीवरच्या आजींना माझी मनापासून दया आली होती! मी म्हटलं, "आजी, गाडी आहे. हौस म्हणून सायकल चालवते." आजी जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग नातीकडे वळून म्हणाल्या, "हौस हाय म्हनं."

मित्रांनो, हा लेख त्या एका वाक्यावर आहे. आधी एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. 'एकोणसत्तर' म्हटलं की मी अजूनही मनातल्या मनात हिशोब करते. त्यामुळे शुद्धलेखनाला हसायचं असेल तर खुशाल हसा, पण मुद्दा वाचा.

आमच्या कॉलेजात सायकलवाल्यांचा एक ग्रुप आहे. रविवारी पहाटे पाचला निघायचं, खडकवासल्याला उजाडायचं, खानापूरला पोहे, तिथून डावीकडे वळून रांजण्यावरून पाबे घाट. वर खिंडीत पोचलं की समोर तोरणा आणि राजगड! मग वेल्हे, मार्गासनी, नसरापूर आणि हायवेने कात्रजमार्गे परत. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पडतं. दुसऱ्या दिवशी लेक्चरला जिना चढवत नाही, पण मजा सॉलिड येते.

पण खरी मजा चढाची नाही, शांततेची आहे. चांदणी चौकात हॉर्न ऐकून कान किटलेल्या माणसाला घाटात स्वतःच्या चेनचा आवाज ऐकू येतो. माझे आजोबा सायकलवरून खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत जायचे. तेव्हा पुणं हे सायकलींचं शहर होतं. आता आम्हाला सायकल चालवायला शहर सोडून पन्नास किलोमीटर लांब जावं लागतं. 2017 साली महापालिकेने मोठा सायकल आराखडा मंजूर केला, त्याच सुमारास भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली रस्त्यावर आल्या आणि थोड्याच काळात गेल्याही. असो, तो वेगळा विषय.

तर झालं असं, की त्याच्या आदल्याच महिन्यात आमच्या ग्रुपने एक पत्र फिरवलं होतं. 'घाटातले शांत रस्ते रुंद करू नका, निसर्ग वाचवा' असा मजकूर. खाली दीडशे सह्या, त्यातली एक माझी. सही करताना मला फार भारी वाटलं होतं. आपण काहीतरी सामाजिक वगैरे करतोय असं.

त्या टपरीवर पंक्चर काढायला तासभर लागला, कारण आमच्या मेकॅनिकलच्या भावी इंजिनिअरला टायर रिमवर बसवता येईना! तेवढ्यात आजींच्या नातीशी गप्पा झाल्या. ती बारावीला, कॉलेज वेल्ह्याला. त्यांची वाडी मुख्य रस्त्यापासून वर डोंगरात. सकाळी खाली उतरायचं, एसटी मिळाली तर ठीक, नाहीतर कुणाच्या तरी दुधाच्या गाडीवर, नाहीतर पायी. मी मोठ्या उत्साहाने विचारलं, "मग सायकल का नाही घेत?" ती म्हणाली, "हाय ना सायकल. पण येताना वरपर्यंत ढकलतच आणायला लागती. मग कशाला न्यायची?"

मी गप्प बसले. इंजिनिअरिंगला असल्यामुळे मी गणित केलं. साध्या सायकलला पुढे साधारण 44 दात आणि मागे 18. म्हणजे पॅडल एकदा फिरवलं की चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. सपाटीवर उत्तम, चढावर मरण. माझ्या सायकलच्या सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पॅडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा जेमतेम एक फेरा. म्हणून मी घाट चढते. आजवर मला वाटायचं मी हिमतीने चढते. आमच्या दोघींमध्ये हिमतीचा फरक नव्हताच, दातांचा होता. आणि हे दात बाबांच्या पगारातून आलेले.

मग मी त्या पत्राबद्दल सांगितलं. जरा शाबासकीच्या अपेक्षेनेच. ती हसली नाही, चिडलीही नाही. एवढंच म्हणाली, "रस्ता शांत हाय कारण गाडीच येत न्हाई ताई. पावसात दरड पडली की यष्टी बंद. तुमाला बरं वाटतं, पर आमी कसं जायाचं?"

परतीच्या पूर्ण रस्त्यात मी हाच विचार करत होते. आपल्याला आवडणारे हे रस्ते शांत का आहेत? नकाशा उघडून बघा. पानशेतच्या मागे घोळकडे जाणारा रस्ता घ्या. तो शांत आहे कारण पुढे कोकणकडा आहे, गाडी खाली उतरत नाही, म्हणून ट्रक नाहीत. त्याउलट ताम्हिणीचा रस्ता कोकणात उतरतो, म्हणून तिथे वाहतूक आहे आणि पावसाळ्यातल्या रविवारी तर तुळशीबाग! दुसरं कारण म्हणजे धरणं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. पुणेकर मुख्यतः याच धरणांचं पाणी पितात. आपल्याकडे पानशेत म्हटलं की 12 जुलै 1961 चा पूर आठवतो, घरातली म्हातारी माणसं अजून सांगतात. पण धरण फुटल्यावर वाहून गेलेल्या पुण्याची गोष्ट आपण सांगतो, धरण बांधताना पाण्याखाली गेलेल्या गावांची सांगत नाही. मुळशीत तर टाटांच्या धरणाविरुद्ध 1921 मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता. जमीन गेली मावळ्यांची, वीज मिळाली मुंबईला. आणि आता शंभर वर्षांनी मी त्याच पाण्याच्या काठावर सायकल लावून फोटो काढते आणि खाली लिहिते, 'किती शांत!'

म्हणजे ही शांतता काही निसर्गाने फुकट दिलेली नाही. जमिनी पाण्याखाली गेल्या, पोरं कामाला पुण्याला गेली, एसटी कमी झाली, त्यातून उरलेलं ते गाव आहे. 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, छानच आहे. पण अर्धं तिकीट काढायला आधी गाडी तर यायला हवी!

आता तुम्ही म्हणाल, मग काय, होऊ देत चौपदरी? नाही. इथे मी त्या मुलीशीसुद्धा थोडं भांडेन. रस्ता नुसता रुंद केला की एसटी वाढतेच असं नाही, शहरातल्या गाड्यांचा वेग मात्र नक्की वाढतो. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं, हे अकरावीच्या फिजिक्समध्ये आपण सगळ्यांनी घोकलंय. ताशी तीसने येणारी गाडी जिथे थांबते, तिथे साठने येणारी गाडी कुणाला तरी उडवून पुढे गेलेली असते. त्या रस्त्याच्या कडेने रोज चालतं कोण? आम्ही सायकलवाले महिन्यातून दोनदा, ती रोज. रुंद रस्त्याने फार्महाऊसवाला पुण्यातून दहा मिनिटं लवकर पोचेल. ती कॉलेजला लवकर पोचेल का, याची खात्री कोण देणार?

माझं म्हणणं असं आहे की प्रश्न रुंद की अरुंद हा नाहीच. दरड पडते तिथे जाळी आणि पक्की भिंत, वळणावर कठडे, दोन्ही बाजूंना चालता येईल अशा साइडपट्ट्या, गावात शिरताना गतिरोधक, आणि सकाळ-संध्याकाळ कॉलेजच्या वेळेची एसटी. यातली एकही गोष्ट सायकलवाल्याच्या विरोधात नाही. उलट आमचीच सोय आहे! एक एसटी आली की दहा दुचाक्या कमी होतात, रस्ता शांत राहतो. फक्त तेव्हा तो लोक अडकून पडल्यामुळे शांत नसेल.

जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. परदेशी सायकलपटू आपल्या मुळशी-मावळ, भोर, पुरंदरच्या रस्त्यांवरून गेले. लहानपणी मुंबई-पुणे शर्यतीतल्या 'घाटाच्या राजा'च्या गोष्टी आजोबांकडून ऐकलेल्या, त्यामुळे मला भरून आलं होतं. शर्यतीसाठी रस्ते गुळगुळीत करता येतात हे सगळ्यांनी बघितलं. मग शर्यत नसताना, वाडीवरच्या पोरीसाठीही करता येतील की! इच्छा असली की डांबर मिळतं.

आणि आपण काय करायचं? फार थोर काही नाही. रविवारी जाताना घरून सँडविच बांधून नेण्यापेक्षा तिथल्या टपरीवर चहा-भजी खा. पाण्याच्या बाटल्या आणि चॉकलेटचे कागद परत आणा. गावातून जाताना कानातली बोंडं काढा आणि लोकांशी बोला, मोडक्यातोडक्या मराठीत का होईना. माझं चालतं, तर तुमचंही चालेल.

आमच्या ग्रुपचं ते पत्र अजून कुठे दिलेलं नाही, सबमिशनच्या गडबडीत ते तसंच राहिलं. बरंच झालं. मी माझी सही मागे घेतली आहे. त्यावरून ग्रुपमध्ये वाजलंही, एकाने तर मला 'बिल्डरची माणूस' म्हटलं! पण मी म्हटलं, पत्रात एसटीची मागणी पहिली घाला, रुंदीकरणाचं वाक्य दुसरं. आणि वाडीवरच्या लोकांना वाचून दाखवा, त्यांच्या सह्या आधी घ्या. मग मी परत सही करते.

पुढच्या रविवारी आम्ही चौघं त्यासाठीच निघालोय. पाच वाजता, कॉलेजच्या मेन गेटवर. कुणाला यायचं असेल तर या. हवा भरून या, आणि जास्तीची ट्यूब आणा. आमच्या मेकॅनिकलवाल्याचा काही भरवसा नाही!