जुनी फटफटी आणि नवशिक्याची करवत

अलीकडे आपल्या गोव्यातील गावोगावी एक नवा छंद रुजू लागला आहे. घराच्या पडवीत वर्षानुवर्षे गोणपाटाखाली पडून असलेली आजोबांची मोटारसायकल बाहेर काढावयाची, तिचे मडगार्ड कापावयाचे, हँडल बदलावयाचे, टाकीला काळा रंग द्यावयाचा आणि तिला आपल्या मनाजोगे नवे रूप आणावयाचे. अशा गाडीला हल्ली 'कस्टम' गाडी म्हणतात. हा छंद वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. उलट, जो विद्यार्थी संध्याकाळचे दोन तास हातात पाना धरून बसतो त्याच्याविषयी आम्हांस कौतुकच वाटते. आमची तक्रार आहे ती केवळ क्रमाविषयी. करवत आधी आणि पाना मागाहून, हा क्रम आम्हांस मान्य नाही.

आम्ही भाषेचे शिक्षक. यंत्रांच्या प्रांतात आमचा अधिकार तो काय, असे कोणी विचारील. परंतु पाठ्यपुस्तकातील उतारा हाती आला की तो प्रथम जसा आहे तसा वाचावा, मग त्याविषयी आपले मत द्यावे, असे आम्ही वर्गात रोज सांगतो. तेच येथेही सांगत आहोत. शिवाय सुटीच्या दिवसांत गॅरेजच्या पायरीवर बसून पाहण्याची आम्हांस जुनी खोड आहे.

आपल्याकडील घरांत जी जुनी गाडी सापडते ती पुष्कळदा जावा असते. जावा हे मूळचे चेक नाव. फ्रांतिशेक यानेचेक या कारखानदाराने 1929 साली वाँडरर या जर्मन कंपनीची मोटारसायकल बनविण्याचा परवाना घेतला आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून हे नाव तयार केले. पुढे 1961 पासून म्हैसूरच्या कारखान्यात ही गाडी बनू लागली. 1970 नंतरच्या दशकात तिचे नाव येझदी झाले आणि 1996 साली तो कारखाना बंद पडला. त्यानंतर 2018 साली जावा हे नाव पुन्हा बाजारात आले, पण ती गाडी सर्वस्वी निराळी.

नवशिक्याला शिकावयाचे असेल तर या जुन्या जावासारखा गुरू मिळणे कठीण. तिचे सुमारे 250 सी.सी.चे इंजिन दोन-स्ट्रोक आहे. त्यात झडपा नाहीत, कॅम नाही. पिस्टनच वर-खाली जाताना सिलिंडरमधील भोके उघडतो आणि मिटतो. वंगणाचे तेल पेट्रोलातच मिसळावयाचे. गिअरचा दांडा फिरवून उभा केला की त्याचीच किक होते. हे सारे पंधरा वर्षांच्या मुलाला डोळ्यांनी पाहून समजते. रस्त्यावर गिअरची गाडी चालविण्यास कायद्याने 18 वर्षे पूर्ण व्हावी लागतात. ती खोलून पाहण्यास वयाची अट नाही.

खोलण्याचे काम मात्र घाईचे नव्हे. पावसाळ्याचे चार महिने आणि समुद्रावरून येणारा खारा वारा यांमुळे आपल्याकडील लोखंडाची जी दशा होते ती सर्वांस ठाऊक आहे. गंजलेल्या नटावर जोर केला की त्याचे कोपरे झिजून तो गोल होतो, नाहीतर बोल्टच तुटतो. म्हणून त्यावर तेल सोडून रात्रभर, पाहिजे तर आठवडाभर, वाट पाहावी. पिस्टन अडकला असेल तर प्लग काढून त्या भोकातून थोडे तेल आत सोडावे आणि पुन्हा वाट पाहावी. काढलेला प्रत्येक भाग कागदाची चिठ्ठी बांधून ठेवावा. इंजिनाच्या झाकणाचे सगळे स्क्रू एकाच लांबीचे नसतात. आम्ही पाहिलेल्या एका कारागिराने जाड पुठ्ठ्यावर झाकणाचे चित्र काढून त्यात भोके पाडली होती आणि प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी खोचून ठेवला होता. लहानसहान नटांसाठी नारळाच्या करवंट्यांइतके सोयीचे भांडे नाही, आणि त्यांचा आपल्याकडे तुटवडाही नाही. ब्रेकच्या जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून तेथील धूळ कधीही फुंकू नये. ओल्या फडक्याने पुसून काढावी.

असे करीत गाडी पुन्हा जशीच्या तशी जोडावी, सुरू करावी आणि चालती करावी. रूप पालटण्याचा विचार त्यानंतर. असा आग्रह आम्ही का धरतो? कारण साधे आहे. समजा, मुलाने कार्बुरेटर नवा बसविला, सायलेन्सर कापला, तारा बदलल्या आणि गाडी सुरू झाली नाही. आता दोष कशात आहे? गाडीच्या जुन्या दुखण्यात की याच्या नव्या करणीत? हे त्याला कसे कळणार? दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी खालच्या पेटीत दाबले जाते. तेथील रबरी सील बरीच वर्षे पडून राहिल्याने कडक होतात, हवा झिरपू लागते आणि इंजिन नीट चालत नाही. बिचारा मुलगा महिनाभर कार्बुरेटरशी झगडत बसतो! सायलेन्सरचेही तसेच. तो केवळ आवाज दाबण्यासाठी आहे अशी समजूत असते. पण या इंजिनात जळलेला वायू बाहेर जाणे आणि नवे मिश्रण आत येणे काही क्षण एकदमच चालते. त्यामुळे नळीची लांबी आणि आकार हा इंजिनाचाच एक भाग ठरतो. ती कापून आवाज वाढतो, शक्ती पुष्कळदा घटते.

सांगाडा कापणे ही तर याहून गंभीर गोष्ट. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने आपल्या आजोबांची जावा अशीच 'घडविली'. सांगाड्याचा मागचा भाग कापला, लांब बैठक काढून तेथे एका माणसापुरते चामड्याचे आसन बसविले. गाडी दिसावयास खरोखर देखणी झाली, हे आम्ही नाकारीत नाही. मुलाने ती मोठ्या उत्साहाने अंगणात आणली. सर्वांनी वाखाणली. आजी तेवढी म्हणाली, "मागची बैठक खंय गेली रे?" लग्नानंतरची कितीतरी वर्षे ती त्या बैठकीवर बसून फातर्प्याच्या जत्रेला गेली होती. मुलापाशी उत्तर नव्हते. बैठक भंगारात गेली होती, आणि वेल्डिंग उलटे करता येत नाही.

येथे कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 52 प्रमाणे, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीपुस्तकातील तपशील जुळणार नाही असा फेरफार मालकास करता येत नाही. 2021 च्या नियमांनी 50 वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी देऊ केली. तिची पहिली अटच अशी की गाडी मूळ रूपात असावी आणि तिच्यात मोठा फेरफार झालेला नसावा. (ही नोंदणी प्रदर्शन, शर्यती-संमेलने यांसाठी आहे, रोजच्या वापरासाठी नव्हे.) आजोबांच्या गाडीला मिळू शकणारा हा मान नातवाची करवत एका दुपारी घालवून बसते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. थोर कारागिरांनी जुनी यंत्रे कापलीच ना? न्यूझीलंडच्या इन्व्हरकार्गिल गावचा बर्ट मन्रो घ्या. त्याने 1920 साली 'इंडियन स्काउट' ही नवी मोटारसायकल घेतली. नावावरून कोणी फसू नये, ती अमेरिकेत बनलेली होती. इंजिन 600 सी.सी.चे, वेग ताशी जेमतेम 90 किलोमीटर. पैसा नाही, यंत्रशाळा नाही. गृहस्थाने जुन्या डब्यांचे साचे करून त्यांत पिस्टन ओतले, सिलिंडरसाठी बिडाच्या जुन्या नळ्या वापरल्या, ट्रॅक्टरच्या आसापासून कनेक्टिंग रॉड घासून काढले. मोजमापाचे साधनही म्हणे चाकाच्या आऱ्यापासून केले. 1967 साली, वयाच्या 68 व्या वर्षी, अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्याने त्याच गाडीवर 1000 सी.सी.खालील वर्गात ताशी सुमारे 295 किलोमीटरचा विक्रम केला. गंमत अशी की हिशेबातील चूक 2014 साली उघडकीस आली आणि विक्रमाचा आकडा आणखी थोडा वाढला. गणिताचा कंटाळा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मन्रोने मूळ यंत्रातले थोडेच शिल्लक ठेवले, हे खरे. पण त्याने गाडी घेतली 1920 साली आणि फेरफारास हात घातला तो 1926 साली. मधली सहा वर्षे तिच्या सहवासात गेली होती. आणि फेरफार सुरू केल्यावर जे भाग मोडले ते त्याने फेकले नाहीत. वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य म्हणून ते फळीवर मांडून ठेवले. प्रत्येक मोडका पिस्टन पुढच्या पिस्टनची दिशा दाखवीत होता. इंग्लंडातील ज्या तरुणांनी 1950 नंतरच्या काळात नॉर्टनच्या सांगाड्यात ट्रायम्फचे इंजिन बसविले त्यांनाही नॉर्टनचा सांगाडा अधिक स्थिर आणि ट्रायम्फचे इंजिन अधिक सोयीचे, हे अनुभवाने ठाऊक होते. आज आपण त्यांच्या गाड्यांची चित्रे पाहतो आणि फक्त आकार उचलतो. कारण तेथेच राहते.

म्हणून आम्ही नवशिक्यास एवढेच सुचवू. एक वर्ष गाडी मूळ रूपात आणण्यास द्या. त्यानंतरही बदल हवा असेल तर जो बोल्टने बसतो व बोल्टनेच निघतो तो बदल निवडा: निराळे हँडल, निराळी बैठक, निराळा रंग. काढलेले मूळ भाग तेल लावून, फडक्यात गुंडाळून, चिठ्ठी लावून पेटीत ठेवा. ब्रेक, तारा आणि टायर यांत मात्र काटकसर नको; तेथे जाणत्या मेकॅनिकचा हात लागलाच पाहिजे.

पालकांकडे एक मागणे आहे. जुने इंजिन किलोच्या भावाने विकावयास काढण्याआधी शाळेस कळवावे. प्रयोगशाळेच्या मागील खोलीत एक भक्कम टेबल रिकामे आहे, पाने आम्ही जमवू, आणि शनिवारी दुपारी येण्यास आठवीच्या सात मुलांनी व चार मुलींनी आताच नावे दिली आहेत.