किनारा सोपा, दाब नव्हे

कॅरिबियन समुद्रातल्या बोनेर बेटावर स्कूबा डायव्हिंगसाठी बोट लागतेच असे नाही. रस्त्याकडेला पिवळा रंगवलेला दगड दिसला की गाडी थांबवायची, पाठीवर सिलिंडर चढवायचा आणि पाण्यात उतरायचे. प्रवाळ किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असतात. ही सोय आनंदाची आहे, तशीच फसवीही.

बोटीवर कोणीतरी वेळ आणि बुड्या मोजत असते. किनाऱ्यावरून उतरणाऱ्यावर असा पहारा नसतो. दिवसाला तीन-चार बुड्या सहज होतात. शरीराला मात्र वाट सोपी होती की अवघड, हे कळत नाही. 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि श्वासातला जास्तीचा नायट्रोजन रक्तात व ऊतींत विरघळतो. माणूस झपाट्याने वर आला, तर त्याचे बुडबुडे होतात. त्याने सांधे दुखतात, मज्जारज्जूला इजा झाल्यास पाय लुळे पडतात.

1979 साली स्थापन झालेल्या तिथल्या सागरी उद्यानात नवागताला आधी ओळखीची बुडी घ्यावी लागते. हा नियम योग्यच. पण त्यात तरंगण्यावरचा ताबा दिसतो, हृदय नव्हे. खडकाळ किनाऱ्यावर जड सिलिंडर वाहणे पन्नाशीच्या हृदयाला सोपे नसते. म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासणी हवी. वर येताना 5 मीटरवर तीन मिनिटे थांबावे. अनेक बुड्यांनंतर विमानात बसण्याआधी किमान 18 तास जाऊ द्यावेत. परतीचे तिकीट काढतानाच शेवटचा दिवस कोरडा ठेवावा.