कुंपण आणलं, जमीन कुठंय?



2047 सालापर्यंत देश विकसित होणार, अशी दवंडी पिटली जातेय. कोरिया, तैवान पुढं गेले, आपणही जाणार! जाऊ की. मी कारखान्याच्या विरोधात नाही. शेतीवर पडलेला माणसांचा बोजा उद्योगधंदे वाढल्याशिवाय हलका होणार नाही, हे बाबासाहेबांनी 1918 सालीच लिहून ठेवलंय. 'खेड्याकडे चला' म्हणणाऱ्यांशी आमचं कधी जमलं नाही ते उगाच नाही.

पण कोरियाचे गोडवे गाणारे अर्धीच गोष्ट सांगतात. तैवाननं 1966 साली काओशुंग बंदरात निर्यातीच्या कारखान्यांना कुंपण घातलं. त्याआधी, 1953 साली, कसणाऱ्याला जमीन देऊन टाकली होती. कोरियानं 1950 च्या सुमारास जमीनदाराला तीन हेक्टरच्या वर जमीन ठेवू दिली नाही. कुळाच्या नावावर तुकडा झाला, पोरं शाळेत गेली, मग कारखान्यात.

आमच्याकडं? 1973 साली अंधेरीत मरोळजवळ 'सीप्झ' उभं राहिलं. निर्यातीसाठी इलेक्ट्रॉनिक्स, पुढं हिरे-दागिने. म्हणजे कुंपण तेवढं आणलं. जमीन मात्र होती त्याच पाटला-देशमुखांकडं. दादासाहेब गायकवाडांनी 1959 ला आणि पुन्हा 1964-65 ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, आपल्या आयाबायांनी तुरुंग भरले. मधे 1961 ला कमाल जमीनधारणेचा कायदाही झाला. पळवाटा ठेवूनच झाला. मग बिनजमिनीचा माणूस मुंबईच्या गाडीत बसला आणि घाटकोपरच्या डोंगरावर झोपडं बांधून ठेकेदाराच्या दारात उभा राहिला. खाजगी कंपनीत राखीव जागा नाहीत, तेव्हा आत कुणाला घ्यायचं आणि कुणाच्या हातात झाडू द्यायचा, हे ठेकेदारानं ठरवायचं!

आणि कोरियातल्या कामगाराला तरी पगार कुणी हौसेनं दिला? 13 नोव्हेंबर 1970 ला सेऊलमध्ये चॉन ते-इल नावाच्या 22 वर्षांच्या शिंप्यानं कामगार कायद्याच्या पुस्तकासकट स्वतःला पेटवून घेतलं. 1987 ला कारखान्यामागून कारखाने संपावर गेले, तेव्हा कुठं मालक वाकले. इथं 1982 ला गिरणी कामगारांचा संप चिरडला. मुलुंड-भांडुपच्या आग्रा रोडवर तर कारखान्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. कोरिया व्हायला निघालेल्या देशात कारखान्यापेक्षा त्याखालची जागा महाग!

तेव्हा 'आपण कोरिया होणार' असं सांगत कुणी वस्तीत आलं, की त्याला खाली बसवा, चहा पाजा आणि विचारा: सातबारा कुणाच्या नावावर करणार? खाजगी कारखान्यात राखीव जागा कोणत्या साली देणार?