काव काव आणि वसंतातला फुटबॉल

परवा मावशीचा पुण्याहून फोन आला. तिने आमचा एक जुना फोटो पाहिला होता. मी, बाबा आणि चिरंजीव, तिघंही निळ्या जर्सीत, तिघांचीही तोंडं वासलेली. "अरे, हे काय? वारीला गेल्यासारखे काय ओरडताय?" मी म्हटलं, "मावशी, फुटबॉलची मॅच होती." त्यावर तिचा पुढचा प्रश्न, "म्हणजे तुमचा तो हाताने खेळायचा फुटबॉल?"

हो, तोच. पण त्यातलाही धाकटा. मावशीला फोनवर जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहून काढतो.

अमेरिकन फुटबॉल म्हटलं की लोकांना एनएफएल आठवते. तिचा मोसम सप्टेंबरला सुरू होतो आणि फेब्रुवारीत सुपर बोल झाला की संपतो. मग पुढचे सहा-सात महिने या खेळाच्या वेड्यांना उपास. हा उपास सोडवायला वसंतात दुसरी एखादी व्यावसायिक लीग काढावी, असं कुणाच्या तरी डोक्यात दर काही वर्षांनी येतं. लीग निघते, गाजावाजा होतो, आणि बहुतेक वेळा एक-दोन मोसमांत गाशा गुंडाळला जातो. आम्ही फोटोत ओरडत होतो ती यूएफएल ही त्यातलीच. आठ संघ, दहा आठवड्यांचा मोसम. आमच्या सेंट लुईसचा संघ म्हणजे बॅटलहॉक्स.

२०२४ च्या एप्रिलमधली गोष्ट. बाबा भारतातून आले होते. त्यांना या खेळातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. आम्ही त्यांना घेऊन डोममध्ये गेलो. त्या दिवशी ४० हजारांहून जास्त माणसं आली होती. बॅटलहॉक्सच्या लोकांची आरोळी आहे "काकॉ!". हॉक म्हणजे ससाणा, म्हणून त्याच्या आवाजात ओरडायचं. ४० हजार माणसं एका सुरात "काकॉ! काकॉ!" करू लागल्यावर बाबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अरे, पितृपक्ष आहे का आज?" :-)

गंमत सोडा. पण एवढी माणसं का आली होती, ते समजून घेण्यासारखं आहे.

सेंट लुईस या बाबतीत दोनदा पोळलेलं गाव. १९८७ चा मोसम संपल्यावर इथला कार्डिनल्स हा फुटबॉलचा संघ ॲरिझोनाला गेला. मग डोम बांधला, १९९५ मध्ये लॉस एंजेलिसहून रॅम्स आले, आणि २०१६ च्या जानेवारीत मालकाने ते परत लॉस एंजेलिसला नेले. गावाने कोर्टात जाऊन २०२१ मध्ये तडजोडीत ७९ कोटी डॉलर मिळवले. पैसे मिळाले, संघ गेला तो गेलाच. २०२० साली एक्सएफएल नावाच्या लीगमधून बॅटलहॉक्स आले. जेमतेम दोन घरचे सामने झाले आणि कोविड आला. लीग दिवाळखोरीत. २०२३ मध्ये नव्या मालकांनी लीग पुन्हा उभी केली तेव्हा पहिल्याच घरच्या सामन्याला ३८ हजारांवर लोक आले. दोन मोठे संघ गमावलेलं गाव या धाकट्या संघाला असं बिलगून बसलं. बाकीच्या बऱ्याच शहरांत मात्र याच्या निम्मीही गर्दी होत नव्हती, हेही सांगायला हवं.

आता थोडा इतिहास. तो नीट पाहिला तर पुढचं भविष्य सांगायला ज्योतिषी लागत नाही.

१९८३ साली यूएसएफएल निघाली, १२ संघ घेऊन. लोकांना आवडली. हर्शेल वॉकर, स्टीव्ह यंग, जिम केली, रेजी व्हाइट असे खेळाडू तिथे होते. दुसऱ्याच वर्षी हाव सुटली आणि १२ चे १८ संघ झाले. मग न्यूजर्सी संघाचे मालक डोनाल्ड ट्रम्प (हो, तेच!) आणि इतर काहींनी धोशा लावला की वसंत सोडा, थेट एनएफएलच्या मोसमात उतरू. १९८६ पासून तसं ठरलं, आणि एनएफएलवर मक्तेदारीचा खटलाही भरला. ज्युरीने सांगितलं, होय, एनएफएलने मक्तेदारीचा कायदा मोडला आहे. नुकसानभरपाई किती? एक डॉलर. कायद्याप्रमाणे तिप्पट करून तीन डॉलर! यूएसएफएल पुन्हा मैदानात उतरलीच नाही.

२००१ ची पहिली एक्सएफएल एकाच मोसमात आटोपली. २०१९ ची एएएफ तर मोसमही पुरा करू शकली नाही. दहापैकी आठ आठवडे झाले आणि बड्या गुंतवणूकदाराने हात आखडता घेतला. एप्रिलच्या सुरुवातीला खेळाडूंना सांगण्यात आलं, संपलं, घरी जा. २०२२ मध्ये यूएसएफएल हे नाव नव्याने आलं, २०२३ मध्ये एक्सएफएल पुन्हा आली, दोघींना कळलं की एका वसंतात दोन लीगी जगणार नाहीत, आणि २०२४ पासून त्यांची मिळून यूएफएल झाली. एका अर्थाने हा पहिला शहाणपणाचा निर्णय.

हे सगळं वाचून माझे काही मित्र म्हणतात, "मग कशाला हा खटाटोप? ज्यांना एनएफएलने नाकारलं त्यांचा खेळ कोण बघणार?"

इथे माझं त्यांच्याशी भांडण आहे.

एनएफएलमध्ये ३२ संघ. दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी प्रत्येक संघ शिबिरातल्या खेळाडूंची छाटणी करतो आणि शेकडो पोरं एका दिवसात घरी जातात. त्यांना खेळ येत नाही असं नाही. जागा नाही, इतकंच. क्रिकेटमध्ये रणजी आहे, इथल्या बेसबॉलमध्ये धाकट्या लीगींची उतरंड आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉलेज संपलं की एक तर शिखर, नाही तर दरी. मधली पायरीच नाही. एनएफएलची युरोपातली वसंत लीग ही एक पायरी होती. तीही तिने २००७ मध्ये बंद केली.

आणि त्या पायरीवरून कोण वर आलं होतं? कर्ट वॉर्नर. किराणा दुकानात रात्री फळ्यांवर माल लावणारा हा माणूस १९९८ च्या वसंतात ॲमस्टरडॅमच्या संघातून खेळला. पुढच्याच मोसमात तो रॅम्सचा क्वार्टरबॅक झाला आणि २००० च्या जानेवारीत सेंट लुईसला तिचा एकमेव सुपर बोल मिळवून दिला. म्हणजे आमच्या गावाची सगळ्यात गोड आठवणसुद्धा वसंतातल्या फुटबॉलची देणगी आहे.

अलीकडची उदाहरणं बघा. ब्रँडन ऑब्री हा सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याच जातकुळीचा म्हणायचा! मूळचा सॉकरचा खेळाडू. बर्मिंगहॅम स्टॅलियन्समध्ये दोन वसंत किक मारल्या आणि २०२३ मध्ये डॅलस काउबॉईजने उचलला. पहिल्याच मोसमात सलग ३५ फील्ड गोल! जेक बेट्स विटा विकायचा. २०२४ मध्ये मिशिगन पँथर्सकडून ६४ यार्डांवरून गोल मारला आणि त्याच वर्षी डेट्रॉईट लायन्सकडे गेला. एनएफएलने २०२४ मध्ये किकऑफचा नवा नियम आणला, तोही एक्सएफएलच्या धर्तीवर. थोरली बहीण धाकटीची पोरं घेते, कल्पना घेते. देत मात्र काही नाही.

माझ्या ऑफिसातल्या एका बाईंचा मुलगा आहे, वय सव्वीस. छोट्या कॉलेजातून खेळला. आता रात्री गोदामात ट्रक भरतो आणि पहाटे व्यायामशाळेत जातो. फोन कधी येईल म्हणून दोन वर्षं वाट बघतोय. त्याची आई मला म्हणाली, "त्याला कुणी नाही म्हटलं तर तो दुसरं काहीतरी करेल. पण नाही म्हणायला तरी कुणी त्याला खेळताना बघायला हवं ना!" वसंत लीगबद्दल इतकं नेमकं मी कुठेच वाचलं नाही. यूएफएलमध्ये २०२४ साली दहा आठवड्यांचे साधारण ५५ हजार डॉलर मिळत. एनएफएलच्या मानाने चिल्लर, पण त्या मुलासाठी ती चिल्लर नाही.

तेव्हा गरज आहे, याबद्दल मला शंका नाही. प्रश्न आहे तो मालकांच्या स्वभावाचा.

२०२५ मध्ये माइक रेपोली हे नवे भागीदार आले आणि कारभार त्यांच्याकडे गेला. त्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालं की मेम्फिस, मिशिगन आणि सॅन अँटोनियो हे तीन संघ बंद, आणि २०२६ साठी त्यांच्या जागी कोलंबस, लुईव्हिल आणि ऑरलँडो. शिवाय शक्य तिथे सॉकरची छोटी मैदानं घ्यायची. यातला दुसरा भाग मला शंभर टक्के पटतो. साठ हजारांच्या मैदानात दहा हजार माणसं म्हणजे मोठ्या हॉलमध्ये पंचवीस पाहुण्यांचं लग्न. भाडं जास्त आणि फोटोत नुसत्या खुर्च्या. छोटं मैदान भरलेलं दिसतं आणि आवाजही घुमतो.

पण पहिला भाग? मिशिगनचा संघ त्याच जूनमध्ये अंतिम सामना खेळला होता. चार महिन्यांत तो नाहीसा! सॅन अँटोनियोची कथा तर आणखी वाईट. एएएफमध्ये सगळ्यात जास्त गर्दी तिथे व्हायची, लीगच बुडाली. मग यूएफएलमध्ये २०२४ चा अंतिम सामना खेळले, पुढच्या वर्षी संघच गेला. ऑरलँडोचा संघ २०२३ अखेर विलीनीकरणात वगळला होता, आता तेच गाव परत, नाव दुसरं, रंग दुसरा. तिथल्या एखाद्या पोराने जुनी टोपी विकत घेतली असेल, त्याने नवी टोपी कोणत्या भरवशावर घ्यावी?

बाबा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. त्या दिवशी मॅचहून परत येताना मी त्यांना हा सगळा जन्ममरणाचा इतिहास सांगितला. त्यांना टचडाउन कळलं नव्हतं, पण हे लगेच कळलं. म्हणाले, "आडगावाला नवीन गाडी सुरू केली की पहिले सहा महिने ती रिकामीच धावते. लोक बघत असतात, रोज येते का? वेळेवर येते का? भरवसा बसला की मग थांब्यावर उभे राहतात. दोन महिन्यांत उत्पन्न नाही म्हणून गाडी बंद केलीस, की पुढच्या वेळी कुणी थांब्यावर येत नाही. सरळ वडापला हात करतात."

मला वाटतं, वसंत लीगचं भविष्य एवढ्या चार वाक्यांत आलं. ती पैशाअभावी मरते असं सगळे म्हणतात. माझ्या मते ती मरते ती घाईमुळे. एनएफएलशी टक्कर घ्यायची घाई, संघ वाढवायची घाई, आणि चाललं नाही की गाव बदलायची घाई.

माझ्या मताला एक चांगलं उत्तर आहे, ते लपवत नाही. तोटा सोसणारा मी नाही. मेम्फिसमध्ये माणसं येत नव्हती, तर मालकाने किती वर्षं पदरमोड करायची? आणि ही लीग तिकिटांवर नाही, टीव्हीवर जगते. फॉक्स वाहिनी तर मालकांपैकीच एक. वसंतातल्या शनिवार-रविवारी दाखवायला काहीतरी हवं म्हणून तर लीग आहे. खरं आहे. पण वाहिनीला उद्या दुसरा स्वस्त कार्यक्रम मिळाला की ती निघून जाईल. गाव कुठे जाणार? बर्मिंगहॅमकडे बघा. १९७४ मध्ये तिथल्या संघाने वर्ल्ड फुटबॉल लीग जिंकली आणि सामना संपताच कर्जापायी संघाचे गणवेश जप्त झाले! तरी तिथे १९८३ मध्ये, २००१ मध्ये, २०१९ मध्ये आणि २०२२ मध्ये लोक पुन्हा नवी लीग बघायला उभे राहिले. इतकं सोशीक गिऱ्हाईक कुठल्या धंद्याला मिळतं?

म्हणून माझं मागणं साधं आहे. आठच संघ ठेवा, छोटी मैदानं घ्या, वसंत सोडू नका. आणि एखाद्या गावात गेलात तर तिथे निदान पाच वर्षं राहायचं, असं आधीच जाहीर करा. तेवढी ऐपत नसेल तर चारच संघ काढा, पण ते हलवू नका. धाकटं असण्यात कमीपणा नाही. धाकटं असून थोरल्याचे कपडे घालण्यात आहे.

सेंट लुईसची गर्दी सध्या तरी आमच्या संघाचं कवच आहे. पण दोनदा पोळलेल्या गावात राहतो, त्यामुळे छातीठोकपणे काही सांगवत नाही. बाबा मात्र जर्सी घेऊन गेलेत. साताऱ्याला सकाळी फिरायला जाताना घालतात म्हणे. आईची तक्रार आहे की अंगणात कावळे आले की हे त्यांना "काकॉ" म्हणून उत्तर देतात.

दर रविवारी फोनवर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय रे, गाडी चालू आहे ना अजून?"