चिंबोरीचा प्रश्न विचारणाऱ्या पोरांना गप्प बसवू नका

मंडळी, पोस्ट लांब आहे. आधी पूर्ण वाचा, मग खुशाल भांडा.

आमच्या इथल्या एका वाचनालयात मे महिन्यात दर रविवारी लहान मुलांसाठी गोष्टींचा वर्ग चालतो. पाच ते नऊ वर्षांची पोरं, सतरंजी, पंखा आणि पन्हं. यंदा दोन रविवार बेने इस्रायल समाजातल्या एका काकूंना बोलावलं होतं. त्या इथल्याच. आईचं गाव रोह्याकडचं, शाळा मराठी, भाषा तुमच्या-माझ्यापेक्षा अस्सल. आधी शनिवार ठरला होता. काकू म्हणाल्या, "शनिवारी मला जमायचं नाही, आमचा शब्बाथ." म्हणून रविवार. पोरांना पहिला धडा तिथंच मिळाला.

पहिला रविवार झाला. दुसऱ्याच्या आदल्या रात्री ग्रुपवर मेसेज फिरायला लागले आणि सकाळी वाचनालयाच्या दारावर कागद : 'कार्यक्रम पुढे ढकलला आहे.' कारण नाही, तारीख नाही. 'पुढे ढकलला' म्हणजे काय, हे वीस वर्षं बातम्या लिहिणाऱ्याला कुणी समजावून सांगायला नको.

त्या पहिल्या रविवारी मी कोपऱ्यात बसलो होतो, म्हणून सांगतो काय घडलं ते. काकूंनी नवगावची गोष्ट सांगितली. किहीमजवळच्या या किनाऱ्यावर फार पूर्वी एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी त्या समाजाची परंपरा सांगते. पोथ्या समुद्रात गेल्या. उरलं ते 'शेमा'ची प्रार्थना, शनिवारची सुट्टी आणि खाण्याचे काही नियम. माणसं तेलाचे घाणे चालवायला लागली, शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणायला लागलं. पुढे डेव्हिड राहाबी नावाचा परदेशी यहुदी आला. हे आपलेच लोक का, हे बघायला त्यानं बायकांपुढे मासे ठेवले. बायकांनी खवल्यांचे मासे घेतले, बिनखवल्यांचे बाजूला सारले. राहाबीला उत्तर मिळालं.

लगेच एक कोळ्याचा पोरगा उभा राहिला. "मग चिंबोरी?" काकू म्हणाल्या, "नाही चालत." "कोळंबी?" "नाही." "मुशी?" "नाही रे बाबा." पोरगा हळहळला. "अरेरे," म्हणाला. सगळी सतरंजी हसली, काकूही हसल्या. मग ताटातला मलिदा वाटला : गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, फळं. एलियाहू संदेष्ट्याच्या नावानं करतात तो.

आता आक्षेपांकडे येतो. तीन प्रकारचे आहेत.

पहिला : 'हा धर्मप्रसार आहे.' अहो, यहुदी धर्म बाहेरच्यांना आपल्यात ओढायला जात नाही. कोकणात शतकानुशतकं शेजारी राहून या लोकांनी कुणाला बाटवल्याचं तुमच्या आजोबांनी कधी सांगितलं का? उलट घेतलं त्यांनीच. आडनावं आपल्या गावांवरून : रोहेकर, पेणकर, दिवेकर. 'बूट पॉलिश'मधले जॉन चाचा, ते डेव्हिड, आडनावानं चेऊलकर, म्हणजे आपल्या चौलचे. आपलं कीर्तन त्यांनी उचललं आणि 1880च्या दशकात अब्राहाम, योसेफ यांच्या कथा मराठी कीर्तनातून सांगितल्या. सणांना नावं दिली तीही आपलीच : नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा उपास वालाच्या बिरड्यानं सोडणारी माणसं परकी कशी?

दुसरा आक्षेप : 'तिकडे गाझात मुलं मरतायत आणि तुम्ही इकडे ज्यूंच्या गोष्टी सांगता.' गाझातल्या मुलांचं दुःख मलाही आहे, ते मी याच भिंतीवर लिहिलंय आणि त्याबद्दल शिव्याही खाल्ल्यात. पण आपल्या आळीतली सत्तरीची बाई इस्रायल सरकारची प्रवक्ता नाही. शेजारच्या मुसलमानाला पाकिस्तानचा जाब विचारतात तेव्हा तुम्हीच चिडता ना? मग हे दुसरं काय आहे?

तिसरे तर समर्थक म्हणून आले. 'मुलांना इस्रायलसारखं कडक बनवा,' म्हणतात. त्यांना रणगाडे हवेत, मलिदा नको. काकूंच्या घरचा एकही सण त्यांना ठाऊक नाही. दोघांनाही खरी काकू नकोच आहे. एकाला शिव्या घालायला ज्यू हवाय, दुसऱ्याला टाळ्या वाजवायला.

दुसऱ्या रविवारी काकू हग्गादाचं पुस्तक आणणार होत्या. पेसह सणाच्या रात्री घरी वाचायचं ते. 1846 साली मुंबईत आणि 1874 साली पुण्यात ते मराठी भाषांतरासह छापलं गेलंय. या सणाची रीत बघा : घरातल्या सगळ्यात लहान मुलानं चार प्रश्न विचारायचे आणि मोठ्यांनी मिसरातल्या गुलामीतून सुटकेची गोष्ट सांगून उत्तर द्यायचं. पोरानं विचारल्याशिवाय सण पुढे सरकत नाही. आणि आम्ही काय केलं? पोरांनी प्रश्न विचारायला लागताच दाराला कागद चिकटवला.

2016 साली राज्य सरकारनं यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. चांगलं झालं. पण 1948च्या सुमाराला 20,000च्या आसपास असलेला हा समाज आज देशात 5,000 सुद्धा उरलेला नाही. इस्रायलला गेलेले तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढतात आणि आमच्या वाचनालयाच्या बालविभागात या समाजावरचं एकही पुस्तक नाही. मी कपाट उघडून बघितलंय. काकूंच्या पिढीनंतर आपल्याकडे उरतील बंद घरं आणि 'इस्रायल आळी' ही पाटी. पर्यटक पाटीचा फोटो काढतील. आपली पोरं 'हे नाव कसं पडलं?' विचारतील आणि आपण मोबाईलमध्ये शोधू.

वाचनालयाच्या समितीला, ज्यात माझे मित्र आहेत, एवढंच म्हणतो : चार मेसेजना घाबरून कपाटाला कुलूप लावणार असाल, तर वाचनालय हे नाव उतरवा. शाळा उघडायला अजून दोन रविवार आहेत. काकू यायला तयार आहेत, मी विचारलंय. कुणाच्या माळ्यावर जुनी मराठी हग्गादा, बेने इस्रायल कीर्तनाची वही, सणांची माहिती असेल तर कळवा, बालविभागासाठी झेरॉक्सचा खर्च माझा.

नाहीच जमलं तर माझी ओटी मोकळी आहे. सतरंजी आहे, पन्हंही करू. पण गावातल्या माणसांची गोष्ट गावातल्या पोरांना ऐकवायला पत्रकाराची ओटी लागावी, ही शरम समितीनं स्वतःवर ओढवून घेऊ नये.

तो कोळ्याचा पोरगा काल बाजारात भेटला. विचारत होता, "काका, ती आजी परत कधी येणार? मला बोंबलाचं विचारायचंय."

मी काय सांगू त्याला? कमेंटमध्ये सांगा.